जुनीं तंतुवाद्यें व चिकट लाखरोगण

मिरजेच्या जुन्या तंबोऱ्यांचा जीर्णोद्धार करवितांना त्यांवर लाखेचें नवें रोगण चढविण्याचा मोह संग्राहकांस आवरत नाहीं. पण पुष्कळदां हें रोगण वाळतच नाहीं; बोटास चिकटतें व धूळ धरतें. मग दोष पावसाळी हवेस देऊन वर आणखी एक हात देतात. हें निदान अपुरें आहे. दमट हवेनें चिकटपणा वाढतो खरा. पण मूळ दोष बहुधा शिळ्या रोगणाचा असतो. मद्यार्कांत विरघळलेली लाख हळूहळू पालटत जाते व कित्येक महिन्यांनीं कठीण होण्याचा गुण गमावते. कांचेवर थेंब वाळवून पाहिल्यास हें आधींच कळतें.

मद्यार्काचें फडकें फिरविणें हा उपाय त्याहून घातक. कारण खालची मूळ लाखही त्यांतच विरघळते आणि कारागिराच्या हातचा पुरावा नाहींसा होतो. पोथीचीं पुसट अक्षरें नव्या शाईनें गिरविणारास आपण दोष देतों. मग वाद्यास निराळा न्याय कां? मूळ थर शिल्लक असेल तेथें चिकटपणा सोसावा. तो उरलाच नसेल, तरच नवें रोगण पुसून ताज्या लाखेचे पातळ हात द्यावे, आणि केलेल्या कामाची नोंद वाद्याजवळ ठेवावी.