वाक्याचं झाड आणि त्याला घातलेलं कुंपण
(धाराशिव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, शाळेत आपण वाक्यपृथक्करण शिकलो. कर्ता कोणता, कर्म कोणतं, क्रियापद कोणतं. संगणकातला कंपायलर हेच करतो. प्रोग्रामचा मजकूर उलगडून तो एक झाड उभं करतो, त्याला सिंटॅक्स ट्री म्हणतात. हे झाड त्यानं स्वतःपुरतं ठेवावं, की प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही दाखवावं?

फरक बघा. प्रोग्राममधलं 'दर' हे नाव बदलायचंय. नुसती अक्षरं शोधली तर 'आदर'मधलाही दर सापडतो. झाडात मात्र 'दर' हे वेगळं पान असतं, 'आदर' वेगळं. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका आहे ना, थापटून कच्चं-पक्कं ओळखण्याची? अक्षरं शोधणारं साधनही बाहेरूनच थापटतं, फक्त गोरोबांचा कान त्याच्याकडे नाही.

आता खरा वाद. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा मुक्त कंपायलर १९८७चा. त्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा. पण त्यातलं झाड सहज बाहेर काढता येईल अशी सोय स्टॉलमननी अनेक वर्षं अडवली. झाड बाहेर आलं, की कंपन्या त्याला आपला बंदिस्त भाग जोडतील, ही भीती. ती निराधार नव्हती. नेक्स्ट कंपनीला ऑब्जेक्टिव्ह-सीचा आपला भाग बंद ठेवायचा होता. परवान्यामुळेच तो खुला करावा लागला.

तरीही माझा आक्षेप आहे. कुंपणाबाहेर पहिला कोण राहिला? विद्यार्थी, संशोधक, छोटी साधनं लिहिणारा. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी दुसरं झाड लावलं. ॲपलनं क्लँग २००७मध्ये खुला केला. कारणं अनेक होती, पण जीसीसीची रचना साधनांना वापरता येत नाही हे त्यातलं एक. आणि क्लँगचा परवाना बंदिस्त वापरालाही मुभा देतो! म्हणजे ज्याची भीती होती, तेच घडलं.

पुढे जीसीसीनं मार्ग काढला. २००९मध्ये परवान्याची अट नेमकी केली, २०१०च्या ४.५ आवृत्तीत प्लगइनला दार उघडलं. प्लगइननं आपला परवाना सुसंगत असल्याचं कोडमध्येच जाहीर करायचं. २०१६पासून लिनक्स कर्नलही सुरक्षेसाठी असे प्लगइन वापरू लागला. जे अटीनं साधलं, त्यासाठी आधी अंधार कशाला हवा होता?

दुसरी बाजूही आहे. झाड उघडं केलं की लोक त्यावर घरटी बांधतात. मग फांदी बदलणं अवघड होतं. शिवाय झाड म्हणजे अर्थ नव्हे. भर्तृहरी म्हणतो, वाक्य अखंडच असतं, तुकडे आपण समजण्यासाठी पाडतो. पटतं मला. पण समजण्यासाठी पाडायचे तुकडे समजू पाहणाऱ्यालाच नाकारायचे, हे कुठलं शास्त्र? वाचण्याचं स्वातंत्र्य दिलंय म्हणता, तर पृथक्करणही द्यायला हवं.