यहूदाचा प्रश्न

मराठी वाचकाला झाशी ठाऊक असते ती राणी लक्ष्मीबाईंमुळे आणि गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मुळे. कॅथलिक भाविकांना मात्र हे शहर संत ज्यूडच्या तीर्थस्थानामुळे ठाऊक आहे. 28 ऑक्टोबरच्या सणाला तिथे दूरदूरहून माणसे येतात. ज्यूड हे आशा सुटलेल्यांचे संत. डॉक्टरांनी हात टेकले की त्यांच्याकडे जायचे.

हा मान त्यांना मिळाला त्याची परंपरेने सांगितलेली कथा नावाशी जोडलेली आहे. येशूला पकडून देणारा आणि हे संत यांचे नाव ग्रीक मूळात एकच. इंग्रजीने एकाला जूडस आणि दुसऱ्याला ज्यूड म्हणून दोघांची फारकत केली. मराठी बायबलात दोघेही यहूदाच राहिले. विश्वासघातक्याचे नाव तोंडी येईल या धास्तीने या संताला कोणी आळवत नसे, म्हणून सगळे उपाय थकलेल्यांची गाऱ्हाणी त्यांच्या वाट्याला आली, असे सांगतात.

चारही शुभवर्तमानांत या यहूदाच्या तोंडी एकच वाक्य आहे, योहानाच्या चौदाव्या अध्यायात. तो येशूला विचारतो, की तुम्ही स्वतःला आम्हालाच का प्रकट करणार, साऱ्या जगाला का नाही? चमत्कारावर घेता येईल असा सर्वांत कठीण आक्षेप तो हाच. त्यालाच का, हिला का नाही? येशूच्या उत्तरात प्रेम आहे, वचन पाळणे आहे. रोग बरा करण्याचा उल्लेख नाही. ज्यांच्या नावाने आपण चमत्कार मागतो, त्यांचा हा प्रश्न मात्र आपल्या चमत्कारकथांमध्ये कुठेच ऐकू येत नाही.

या कथांचा वाङ्मयप्रकार म्हणजे ‘साक्ष’. हिंदीत ‘गवाही’. हिंदीतून मराठीत अनुवाद करताना अशा पुष्कळ साक्षी माझ्या हाताखालून गेल्या. त्यांची घडण ठरलेली असते: आजार, खर्च, डॉक्टरांची नकारघंटा, कुणाच्या तरी सांगण्यावरून चंगाई सभेला जाणे, प्रार्थना आणि मग नवा रिपोर्ट. सांगणारा खोटे बोलतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. बहुतेकांच्या आवाजात खरी कृतज्ञता असते. अडचण प्रकाराची आहे. कोर्टातल्या साक्षीची उलटतपासणी होते, इथे ‘हालेलुया’ होते. मंचावर बोलावले जाते तेही फक्त बऱ्या झालेल्याला. शेजारच्या खुर्चीवर बसून त्याच रात्री तीच प्रार्थना करणारी आणि तीन महिन्यांनी वारलेली बाई या वाङ्मयात येत नाही. आलीच तर ‘विश्वास कमी पडला’ या शेऱ्यापुरती. हा शेरा मेलेल्याला ऐकू येत नाही, पण त्याच्या घरच्यांना जन्मभर ऐकू येतो. आणि तो टाळण्यासाठी कुणी गोळ्या बंद करून विश्वास सिद्ध करायला निघाला, तर या कथनाची किंमत शरीराने मोजावी लागते.

याच्या तुलनेत वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेतले मेणाचे हातपाय मला अधिक प्रामाणिक वाटतात. मेणाचा पाय आपण चालू लागलो असा दावा करत नाही. दुखते कुठे, एवढेच तो सांगतो.

चर्चची स्वतःची रीतही साक्षीपेक्षा सावध आहे. फ्रान्समधल्या लूर्दला 1858 पासून बरे झाल्याचे हजारो दावे आले. वैद्यकीय छाननीनंतर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सुमारे सत्तर. पण ही छाननीसुद्धा बऱ्या झालेल्यांचीच. बरे न होता परत गेलेल्यांची नोंद ठेवणारे दप्तर तिथेही नाही.

अनुवादक म्हणून मला एका क्रियापदाकडे लक्ष वेधायचे आहे. ग्रीक ‘सोझो’चा अर्थ बरे करणे असाही होतो आणि तारणे असाही. रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेल्या बाईला आणि येशूचे पाय आसवांनी धुणाऱ्या बाईला येशू जे म्हणतो, त्यात क्रियापद तेच आहे. दुसरी बाई आजारी नाही. मराठीला इथे दोन शब्द वापरावे लागतात, पहिलीला ‘बरे करणे’, दुसरीला ‘तारणे’. निवड चुकीची नाही. पण त्यामुळे मूळात एकत्र असलेले दोन अर्थ सुटे झाले. ‘चंगाई’ने त्यातला एकच उचलला. बरे न होताही माणूस तरू शकतो, ही शक्यता त्या शब्दात मावत नाही.

ती शक्यता मराठी माणसाला दाखवली पंडिता रमाबाईंनी. 1883 मध्ये त्या वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बहिरेपण गेले नाही. 1907 मध्ये त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष प्रसिद्ध केली. तिची सुरुवात रोगाने होत नाही. ती होते आईवडिलांपासून, तीर्थयात्रा, व्रते, दानधर्म यांत सारे घालवून दुष्काळात उपासमारीने गेलेल्या माणसांपासून. पुरोहितांवर रमाबाई कठोर आहेत. आईवडिलांची निष्ठा कमी पडली असे मात्र त्या म्हणत नाहीत. चंगाईच्या साक्षींना जे जमत नाही ते इथे जमले आहे: उत्तर न मिळालेली प्रार्थना कथनात राहते आणि ती करणाऱ्यांचा मानही राहतो.

प्रार्थनेला उत्तर मिळते असे रमाबाई ठामपणे मानत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींची पोटे केडगावला कशी भरली, हे त्या देवाचीच करणी म्हणून सांगत. पण 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या, तोवर मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे काम त्यांनी सोडले नाही. ते 1924 मध्ये पूर्ण छापून निघाले. मुलगी परत मागणारी साक्ष त्यांनी लिहिली नाही. शब्द तपासत राहिल्या.

चमत्कार होतात की नाही, हा वाद मी इथे सोडवणार नाही. माझी मागणी वाङ्मयीन आहे, आणि म्हणून नैतिकही. साक्ष सांगणाऱ्याने ती सांगताना शेजारच्या खुर्चीचाही उल्लेख करावा. त्याने देवाचे काही कमी होणार नाही. झाशीत ज्यांच्यापुढे मेणबत्त्या लागतात, त्या यहूदाने तरी हेच विचारले होते.