विषाचा खटला आणि बिनकागदाचा माणूस

टोनी गिलरॉय यांचा ‘मायकल क्लेटन’ (२००७) हा अमेरिकन चित्रपट यू-नॉर्थ या कल्पित कंपनीच्या तणनाशकाविषयी आहे. या औषधाने शेतकरी कुटुंबांचे बळी घेतले आहेत. ते घातक आहे हे कंपनीला आधीपासून ठाऊक होते, असे सांगणारे तिचेच एक गुप्त टिपण तिचा वकील आर्थर ईडन्स याच्या हाती लागते. वर्षानुवर्षे कंपनीची बाजू लढवणारा हा माणूस हादरतो, उलटतो, आणि मारला जातो. त्याच्याच कचेरीत बड्यांच्या भानगडी निस्तरणारा क्लेटन अखेर कंपनीला उघडे पाडतो.

चित्रपट बुद्धिमान आहे. त्यात कोणी राक्षस नाही. खुनाला संमती देणारी केरन (टिल्डा स्विंटन) आरशापुढे भाषण घोकते, घामाने भिजते. गुन्हा अशा पगारी, सुशिक्षित, भेदरलेल्या माणसांच्या हातून घडतो, हे भांडवलशाहीचे अचूक दर्शन होय.

परंतु वऱ्हाडातल्या प्रेक्षकाचे एवढ्यावर समाधान होणार नाही. २०१७ साली आपल्याच अमरावती विभागातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो दवाखान्यात गेली. त्यांत शेतमजूर कितीतरी होते. इथे गुप्त टिपण शोधण्याची गरजच नव्हती. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे धोक्याची सूचना डब्यावर छापलेलीच असते. म्हणूनच म्हणता येते, की आम्ही सांगितले होते, त्यानेच हातमोजे घातले नाहीत. म्हणजे मेलेला मजूरच आरोपी! औषधाचे बिल मालकाच्या नावावर, पाठीवरचा पंप मात्र मजुराचा. न्यायालय कागद मागते आणि याच्याजवळ फक्त जळजळणारे डोळे असतात.

चित्रपटाची मर्यादा इथे उघडी पडते. फिर्यादी शेतकरी मुलगी ॲना दोन-चार प्रसंगांपुरती येते. तिचे दुःख हे आर्थरच्या विवेकाला जाग आणण्याचे केवळ साधन ठरते. शोषिताची सुटका शोषकाच्या घरातल्या एखाद्या भल्या माणसाला पाझर फुटण्यावर सोडून द्यायची, हा हृदयपरिवर्तनाचा मार्ग आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. बाबासाहेबांनी तो नाकारला आणि हक्काचा मार्ग दाखवला.

त्या मार्गाने जाणारी माणसे यवतमाळातच निघाली. २०२० साली दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक जण यांनी सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण ही तीन माणसे कुणा क्लेटनची वाट पाहत बसली नाहीत, ही गोष्ट निकालापेक्षा लहान नाही.

आपल्या लेखकांनी, नाटककारांनी कथा इथून सुरू करावी. बिलावर ज्याचे नाव नाही, त्याने साक्ष कशी द्यायची?