ढाल आणि मुद्रा : चिन्हवाचनाचा एक प्रश्न

जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे गाव १६०८ साली तेथे जन्मलेल्या समर्थ रामदासांमुळे सर्वश्रुत आहे. कॅथलिक चर्चच्या व्यवस्थेत हाच परिसर १९७७ साली अमरावतीपासून वेगळ्या झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. धर्माधिकार दर्शविणाऱ्या दोन भिन्न चिन्हपद्धती अशा रीतीने एकाच भूमीवर भेटतात, आणि बिशपचा वक्र दंड व समर्थांची कुबडी यांची जोडी लावण्याचा मोह तुलनाकारास होतो. ही जोडी कितपत ग्राह्य आहे?

बिशपच्या कुलचिन्हात मध्यभागी ढाल, तिच्यामागे उभा क्रूस, वर हिरवी रुंद टोपी आणि दोन्ही बाजूंस सहा सहा गोंडे असतात. आर्चबिशपच्या चिन्हात गोंडे दहा होतात, तर कार्डिनलच्या चिन्हात ते पंधरा असून त्यांचा रंग तांबडा असतो. हे अलंकरण नव्हे. व्याकरणातील प्रत्ययांप्रमाणे ते पद दर्शविते. व्यक्तीचा आशय ढालीवर व तिच्याखालच्या बोधवाक्यात येतो. वक्र दंड मात्र १९६९ च्या आदेशाने या चिन्हातून वगळण्यात आला. तो विधीत उरला, चित्रलिपीतून गेला. म्हणजे वस्तू आणि तिचे चिन्ह यांतील भेद खुद्द चर्चनेच मानला आहे.

कुबडीची गोष्ट निराळी. ती मेंढपाळाच्या काठीपासून आलेली नाही. योग्यांनी काखेत धरून श्वासाचा स्वर साधण्याचे ते साधन होय. सज्जनगडावर ती दर्शनासाठी ठेवलेली आहे, ढालीवर कोरलेली नाही. केवळ आकार पाहून अर्थ जोडणाऱ्या वाचनाची फजिती कशी होते हे पोप फ्रान्सिस यांच्या चिन्हावरून २०१३ साली दिसले. त्यातील जटामांसीच्या फुलास अनेकांनी द्राक्षांचा घड मानले. स्पॅनिशभाषक परंपरेत ते फूल संत योसेफाचे होय, हे ठाऊक नसता डोळा एकटा काय करणार!

खरे साम्य अन्यत्र आहे आणि ते मराठी शब्दातच दडलेले आहे. आपली मुद्रा प्रायः चित्र नसून वाक्य असते. शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेत ना सिंह आहे ना गरुड. आहे ते केवळ संस्कृत पद्य. अभंगाच्या शेवटी येणाऱ्या कवीच्या नावासही आपण ‘मुद्रा’च म्हणतो. जांबेचा नारायण सूर्याजीपंत ठोसर या मुद्रेत ‘रामदास’ होतो. कुळाचे नाव मागे पडते आणि पत्करलेले दास्य पुढे येते. बिशपही नियुक्तीच्या वेळी बोधवाक्य निवडतो, तेव्हा त्याची क्रिया याच जातीची असते. पद चर्चकडून मिळते, वाक्य मात्र तो स्वतः पत्करतो. तेव्हा मराठी वाचकाने कुलचिन्ह वरून खाली न वाचता खालून वर वाचावे. बोधवाक्यापासून आरंभ केल्यास ढालीवरील आकृतींना संदर्भ मिळतो. टोपी व गोंडे शेवटी पाहिले तरी चालतील.

एक अंतर मात्र राहतेच. बिशपच्या निधनानंतर किंवा निवृत्तीनंतर धर्मप्रांतात नवा बिशप नवे चिन्ह घेऊन येतो. ‘रामदास’ ही मुद्रा दुसऱ्या कोणास वारशाने मिळालेली नाही, पण ओवी म्हटली जाते तेव्हा ती प्रत्येक म्हणणाऱ्याच्या मुखातून पुन्हा उमटते.