‘रिस्पेक्ट’ : गीत एक, कर्ते दोन

एकच चीज दोन गायकांनी गायिली तर ती एकच राहते काय, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, त्यानंतर त्याच बंदिशी किती गळ्यांतून आणि किती वळणांनी गेल्या याची गणती नाही. बंदिश कोणाची यापेक्षा ती मांडली कशी, याकडेच आपला जाणकार श्रोता कान देत आला. ध्वनिमुद्रणाच्या युगात मात्र या प्रश्नाला एक नवी बाजू फुटली. पहिले गायन तबकडीवर कायमचे उमटले, आणि दुसऱ्याने तेच गीत गायिले की दोन्ही शेजारी ठेवून पाहणे कोणालाही शक्य झाले. त्याबरोबरच नावलौकिकाचा आणि पैशाचाही प्रश्न आला. अमेरिकन लोकप्रिय संगीतातील अशाच एका जोडीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गीताचे नाव ‘रिस्पेक्ट’. ते रचले आणि प्रथम गायिले ओटिस रेडिंग याने, १९६५ साली. पुढे १९६७ साली अरेथा फ्रँकलिन हिने ते गायिले, आणि आज जगभर ते तिचेच म्हणून ओळखले जाते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांची पहिली यादी २००२ साली केली, तीत अरेथाचे मुद्रण आहे. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने २०२१ साली सर्वश्रेष्ठ पाचशे गीतांची यादी प्रसिद्ध केली, तीत तेच पहिल्या क्रमांकावर आहे. एवढे यश पाहून सर्वसाधारण मत असे झाले, की ओटिसने कच्चा माल पुरवला आणि अरेथाने त्याचे सोने केले. हे मत मूळ गीतावर अन्याय करणारे तर आहेच, पण अरेथाच्या गायनाचे मर्मही त्यामुळे हातून निसटते, असे मला वाटते.

ओटिसचा जन्म १९४१ साली जॉर्जिया राज्यातील डॉसन येथे झाला. तो वाढला त्याच राज्यातील मेकन या गावी. त्याच्या तबकड्या निघत त्या मेम्फिस शहरातील स्टॅक्स कंपनीतर्फे. एका जुन्या चित्रपटगृहात या कंपनीचे मुद्रणगृह होते. वंशभेदाने दुभंगलेल्या त्या शहरात गोरे आणि काळे वादक तेथे एकत्र बसून वाजवीत, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, तालवाद्यांवर अल जॅक्सन अशी मंडळी साथीला असत. तुताऱ्या व सॅक्सोफोन यांनी काय वाजवायचे ते ओटिस स्वतः गुणगुणून सांगे. ‘रिस्पेक्ट’ १९६५ च्या जुलैत मुद्रित झाले आणि ऑगस्टमध्ये बाजारात आले. कृष्णवर्णीय संगीताच्या क्रमवारीत ते चौथ्या स्थानापर्यंत व सर्वसाधारण क्रमवारीत पस्तिसाव्यापर्यंत पोहोचले. म्हणजे मूळ गीत पडले, कोणी विचारले नाही, असे मुळीच नव्हते.

या गीतातील पुरुष कामावरून घरी परततो आहे. तुला हवे ते देतो, पैसा आणून हाती ठेवतो, माझ्या माघारी तू वावगे वागलीस तरी चालवून घेईन. घरी पाऊल टाकीन तेव्हा मात्र थोडा मान दे, एवढेच त्याचे मागणे. वरवर पाहता हा घरधन्याचा तोरा आहे. तथापि ओटिसचा आवाज ऐकला की तोऱ्याखालची आर्जवे ऐकू येतात. शब्द हुकमाचे आहेत, पण गळा याचकाचा आहे. ताल ठासून वाजतो, तुताऱ्या दरवाजावर थाप मारावी तशा येतात, आणि त्यांच्या पुढे धावत जाणारा हा आवाज वाक्य पुरते होण्याआधीच पुढच्या वाक्याला हात घालतो. गीत जेमतेम दोन मिनिटांचे. त्यात उसंत नाही.

या घाईला काळाचाही संदर्भ आहे. कृष्णवर्णीयांच्या मतदानाचा हक्क सुरक्षित करणारा कायदा अमेरिकेत झाला तो याच ऑगस्ट १९६५ मध्ये. दक्षिणेकडील राज्यांत पिकल्या केसांच्या काळ्या माणसालाही ‘पोरा’ म्हणून हाक मारण्याची रीत तोवर सरलेली नव्हती. बाहेरच्या जगात ज्याला कोणी मान देत नाही तो उंबरठ्याच्या आत तरी तो मागतो, असा अर्थ या गीतात मला ऐकू येतो. ओटिसच्या मनात तो होता असा माझा दावा नाही. पण आवाजात तो आहे. मूळ गीताला केवळ पुरुषी अहंकाराचे गाणे म्हणून निकालात काढणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता अरेथाकडे वळू. तिचा जन्म १९४२ चा, मेम्फिसचाच; पण ती वाढली डेट्रॉइटमध्ये. वडील सी. एल. फ्रँकलिन हे तेथील चर्चचे नामांकित धर्मोपदेशक. चर्चमधील गॉस्पेल गायन हीच तिची तालीम, आणि पियानोही तिचा स्वतःचा. १९६० पासून सहा वर्षे ती कोलंबिया कंपनीसाठी गात होती, परंतु तिच्या गळ्याचे नेमके करायचे काय, हे त्या कंपनीला उमगले नाही. १९६६ अखेर ती अटलांटिक कंपनीत आली. तेथील निर्माते जेरी वेक्सलर यांनी तिला पियानोवर बसवले आणि तिच्या चर्चमधल्या वळणाने गाऊ दिले. मुद्रणापूर्वीही ती ‘रिस्पेक्ट’ आपल्या कार्यक्रमांतून गात असे. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे मुद्रण झाले, तेव्हा तिला पंचविसावे वर्ष पुरे व्हायचे होते. जूनमध्ये ते सर्वसाधारण क्रमवारीत पहिल्या स्थानावर जाऊन दोन आठवडे तेथे राहिले.

तिने बदलले काय? सर्वांत आधी बोलणारी व्यक्ती बदलली. घरी येतो आहे तो पुरुषच. पण आता बोलते आहे ती दारात उभी असलेली स्त्री. पैसा माझ्याहीपाशी आहे, असे ती सांगते. वावगे वागण्याचा प्रश्नही ती निकालात काढते: तुझ्या माघारी मी तसे करणार नाही, आणि करणार नाही ते मला करावयाचे नाही म्हणून. ओटिसच्या गीतात पुरुषाने स्त्रीला दिलेली सूट होती. येथे स्त्रीचा स्वतःचा निर्णय आहे. शब्दांचा फरक फार थोडा, पण नैतिक अधिकार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला.

दुसरा बदल रचनेचा. मूळ गीतात मध्यंतराचा वेगळा भाग नाही. अटलांटिकच्या मंडळींनी तेथे किंग कर्टिस याच्या सॅक्सोफोनचा तुकडा घातला. त्याखालची स्वरसंगती ‘सॅम अँड डेव्ह’ या जोडीच्या, नुकत्याच निघालेल्या एका गीतावरून घेतली होती. आणि तेही स्टॅक्सचेच गीत होते. हा तुकडा ऐकताना सूर एकदम दुसऱ्या ठिकाणी गेल्यासारखा वाटतो. श्रोत्याला क्षणभर श्वास मिळतो, आणि अरेथा परत येते ती अधिक तयारीने.

तिसरा बदल सर्वांना ठाऊक असलेला. शीर्षकाचा शब्द ती एकेक अक्षर सुटे करून उच्चारते. ओटिसच्या मुद्रणात हे कोठेही नाही. शाळेत मास्तर मठ्ठ विद्यार्थ्याला स्पेलिंग घोकून घेतात, त्या थाटात सात अक्षरे समोरच्याच्या पुढ्यात एकामागून एक ठेवली जातात. विनवणीचा लवलेश उरत नाही. तिच्या मागे तिच्या दोन बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा, झटक्यांच्या उद्गारांनी तिला दुजोरा देतात. ओटिसच्या मागून एखाददुसरी साद येते, पण तो मुळात एकटा आहे. अरेथा एकटी नाही. चर्चमध्ये उपदेशकाच्या प्रत्येक वाक्याला समुदायाने प्रतिसाद द्यावा, तशी ही रचना आहे. घरातली बाब येथे चव्हाट्यावर येते. नागरी हक्कांच्या चळवळीने आणि स्त्रियांच्या चळवळीने हे गीत आपले मानले, त्याचे कारण माझ्या मते शब्दांपेक्षा या सामुदायिक घडणीत अधिक आहे.

येथेच माझा मुख्य मुद्दा येतो. अरेथाचे गायन म्हणजे ओटिसच्या गीताची सुधारित आवृत्ती नव्हे. ते त्या गीताला दिलेले उत्तर आहे. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या सामन्यात एका शाहिराने सवाल टाकावा आणि दुसऱ्याने त्याच चालीवर त्याला जवाब द्यावा, त्या जातीचे. जवाब कितीही बिनतोड असला तरी सवाल ऐकल्यावाचून त्याची धार कळत नाही. ओटिसचा पुरुष पैशाच्या मोबदल्यात मान मागतो हे ठाऊक असेल, तरच अरेथाच्या स्त्रीने स्वतःच्या पैशाचा उल्लेख का केला ते समजते. त्याने तिला दिलेली सूट ठाऊक असेल, तरच तिने ती झिडकारली याचा अर्थ लागतो. यशाने झाले असे, की सवाल विस्मृतीत गेला आणि जवाब तेवढा उरला. त्यामुळे अरेथाचे गीत आज सर्वत्र वाजते, आणि तरीही अर्धेच ऐकले जाते.

गाजलेली प्रत्येक दुसरी आवृत्ती असे उत्तर असते असे नाही. ‘हाउंड डॉग’ हे गीत जेरी लीबर व माइक स्टोलर यांनी बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेसाठी रचले. तिची तबकडी १९५३ साली निघाली आणि कृष्णवर्णीय संगीताच्या क्रमवारीत अग्रस्थानी गेली. नादान, आयतखाऊ पुरुषाला घराबाहेर घालवणाऱ्या स्त्रीचे ते गाणे होते. १९५६ साली एल्व्हिस प्रेस्लीने गायिलेल्या पाठात ती स्त्री नाहीशी झाली, सशाचा एक उल्लेख आला आणि गाणे खरोखरच कुत्र्याविषयीचे झाले. खप अफाट झाला, तालाचा जोशही निर्विवाद. पण अर्थाला अर्थाने उत्तर असे काही तेथे नाही. दोन्ही उदाहरणांत दुसऱ्या आवृत्तीने पहिलीला झाकले. खपाच्या आकड्यांवरून त्यांतील भेद कळणार नाही. दोन्ही पाठ शेजारी ठेवून ऐकल्यावरच तो कळतो.

आता हिशेबाकडे येऊ. शासकीय सेवेत हयात गेलेल्या माणसाची नजर शेवटी रकान्यांकडे वळतेच. अमेरिकेत रेडिओ केंद्राने तबकडी वाजवली की रचनाकाराला व प्रकाशकाला स्वामित्वधन मिळते. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला मिळत नाही. तबकडीच्या विक्रीतील वाटा वेगळा. म्हणजे गेली कित्येक दशके अरेथाचा आवाज रेडिओवरून घरोघरी पोहोचला, तेव्हा त्याचा मोबदला ओटिसच्या रचनेच्या खात्यावर जमा झाला, तिच्या खात्यावर नाही. इंटरनेट व उपग्रहावरील प्रसारणासाठी १९९५ पासून गायकांना हक्क मिळू लागला. परंतु १९७२ पूर्वीच्या मुद्रणांना तेथील संघराज्याच्या कायद्याची छत्रछाया मिळाली ती ११ ऑक्टोबर २०१८ रोजी. त्यापूर्वी दोनच महिने, १६ ऑगस्टला, अरेथाचे निधन झाले होते.

कायद्याच्या वहीत कर्त्यासाठी एकच रकाना आहे आणि त्यात ओटिसचे नाव आहे. लोकस्मृतीच्या वहीतही रकाना एकच. त्यात अरेथाचे नाव आहे. दोन्ही नोंदी अपुऱ्या आहेत. आपल्या देशातील १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तीनुसार वैधानिक परवान्यावर गीताची नवी आवृत्ती काढावयाची, तर पहिल्या मुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडचा बदल मूळ स्वामीच्या संमतीवाचून करता येत नाही. रचनाकाराच्या रक्षणासाठी असा नियम हवा, हे मला मान्य आहे. मात्र या कसोटीला अरेथाचे गायन, दोनच वर्षांच्या आत आणि बोलणारी व्यक्तीच बदलून केलेले, मूळ स्वामीच्या संमतीवाचून उतरले नसते, याचीही जाणीव ठेवावी. चोरी आणि उत्तर यांतील भेद कलमात बसवणे कठीण आहे. तो ओळखण्याचे काम श्रोत्याचे आणि समीक्षकाचे आहे.

खुद्द ओटिसने हा भेद ओळखला असावा. जून १९६७ मध्ये, अरेथाचे गीत शिखरावर असतानाच, कॅलिफोर्नियात माँटेरे येथील महोत्सवात त्याने ‘रिस्पेक्ट’ गायिले. एका मुलीने हे गाणे माझ्याकडून नेले, अशा आशयाचे उद्गार त्याने तेथे थट्टेच्या सुरात काढले, आणि मग ते पूर्वीपेक्षाही आवेशाने गायिले. त्याच वर्षीच्या १० डिसेंबरला, विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसनजवळ त्याचे विमान सरोवरात कोसळले. त्याचे वय सव्वीस वर्षांचे होते.

ही दोन्ही मुद्रणे आज सहज उपलब्ध आहेत. दोन्ही मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत. रसिक वाचकांना विनंती एवढीच, की ती रचली गेली त्याच क्रमाने ऐकावीत: आधी ओटिस, मग अरेथा. पहिल्यात मागितलेला मान दुसऱ्यात मागणाऱ्याकडूनच वसूल होताना ऐकू येईल. त्यानंतर यांपैकी श्रेष्ठ कोण, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने तो खुशाल सोडवावा. मला तो पडत नाही.