भांडणामागील भीती : ‘होल्ड मी टाइट’मधील दाम्पत्यविचाराची चिकित्सा

दाम्पत्यातील कलह संवादकौशल्याच्या अभावातून निर्माण होतो, ही समजूत विवाह-समुपदेशनात दीर्घकाळ रूढ होती. मुद्द्याला धरून बोलावे, देवाणघेवाणीचे करार करावेत, असे शिक्षण पतिपत्नींना दिले जाई. या समजुतीला धक्का देणाऱ्यांत सू जॉन्सन यांचे नाव अग्रभागी आहे. लेस्ली ग्रीनबर्ग यांच्या सहकार्याने त्यांनी १९८० च्या दशकात कॅनडात भावनाकेंद्री दाम्पत्योपचाराची मांडणी केली आणि १९८५ मध्ये ४५ जोडप्यांवरील तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘होल्ड मी टाइट’ (२००८) हा या पद्धतीचा सामान्य वाचकांसाठी केलेला विस्तार होय. जॉन्सन यांचे २०२४ मध्ये निधन झाले. प्रस्तुत लेखात त्यांच्या याच ग्रंथाचा परामर्श घेतला आहे.

जॉन बोल्बी यांनी मूल आणि माता यांच्या संदर्भात मांडलेला अनुबंध-सिद्धांत जॉन्सन प्रौढांच्या प्रेमसंबंधाला लावतात. राग हा वरचा थर. त्याखाली ‘संकटात तू माझ्यासाठी असशील का?’ ही भीती असते. एक जोडीदार तक्रार करीत पाठलाग करतो, दुसरा मौनात शिरतो; मौनाने तक्रार वाढते, तक्रारीने मौन. शत्रू जोडीदार नसून हे चक्र आहे, हा त्यांचा निष्कर्ष खरोखर मोलाचा आहे. मराठी वाचकाला तो परका वाटू नये. रुसवा आणि अबोला यांत आपली भाषा भेद करतेच: रुसव्याला मनधरणीची अपेक्षा असते, अबोल्यात ती मावळू लागलेली असते.

तथापि पद्धत आणि पुस्तक यांत अंतर पडते. उपचारकक्षात तज्ज्ञ संभाषणाची गती कमी करतो, निसटता हळवा शब्द पुन्हा उच्चारतो आणि जोडीदाराकडे वळून तो बोलायला लावतो. ऐकणाऱ्याने त्या क्षणी कुत्सित उत्तर दिल्यास तो आघात स्वतःवर घेतो. ग्रंथातील सात संभाषणे मात्र जोडप्याने घरीच करावयाची आहेत. उघडे केलेले मन तेथे झिडकारले गेले, तर सावरणारे कोणी नाही. १९९९ च्या आढाव्यातील ७० ते ७३ टक्के जोडपी कलहातून बाहेर आल्याचा बहुचर्चित निष्कर्षही तज्ज्ञाच्या उपस्थितीतील उपचारांचा आहे, पुस्तकवाचनाचा नव्हे. (आढाव्याच्या लेखकांत जॉन्सन आणि ग्रीनबर्ग दोघेही होते, हेही ध्यानात ठेवावे.)

याहून गंभीर आक्षेप सत्तेसंबंधीचा आहे. चक्रालाच दोषी ठरविल्याने जबाबदारी दोघांत समान वाटली जाते. परंतु स्वतःचे उत्पन्न नसलेल्या, माहेरचा आधार तुटलेल्या पत्नीचे मौन नेहमी अनुबंधाच्या भीतीतूनच येते काय? ते पुष्कळदा परिस्थितीचा अचूक हिशेबही असतो. अशा मौनाला ‘माघार’ म्हणणे म्हणजे तिच्या विवेकाला व्याधी ठरविणे. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातील कलम १४ अन्वये दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. हिंसा चालू असलेल्या संबंधात ही पद्धत वापरू नये, असे जॉन्सन यांचेही मत होते. म्हणूनच प्रारंभी प्रत्येक जोडीदाराशी स्वतंत्र भेट घेण्याची प्रथा या पद्धतीत आहे. दुसऱ्याच्या देखत जे सांगता येत नाही, ते तेथे सांगता येते. घरी दोघांनी मिळून वाचावयाच्या पुस्तकात अशा बंद दाराआडच्या भेटीला जागाच नाही.