नाममुद्रा आणि स्मरण : वामनदादा कर्डक यांच्या पश्चात

१

कवीच्या मृत्यूचा विचार मराठी समीक्षेत सामान्यतः दोन अंगांनी झालेला आढळतो. पहिले अंग मृत्युलेखाचे. त्यात कवीच्या कर्तृत्वाचा ताळेबंद मांडला जातो आणि वाङ्मयेतिहासातील त्याची जागा, तात्पुरती का होईना, निश्चित केली जाते. दुसरे अंग सिद्धान्ताचे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हा अर्थनिर्णयाचा अधिकार लेखकाकडून वाचकाकडे जावा, हे त्यांना अभिप्रेत होते. या दोन्ही विचारांत एक समान गृहीतक दडलेले आहे. कवी असो वा नसो, त्याची संहिता छापील रूपात स्थिर राहते, हे ते गृहीतक होय. ज्या कवीची रचना प्रामुख्याने गाण्यातून लोकांपर्यंत गेली, त्याच्या बाबतीत ते टिकत नाही. तेथे कवीबरोबर त्याचा आवाज जातो, लय जाते, ऐनवेळी केलेला फेरफार जातो; आणि मागे जे उरते त्याचा मोठा भाग श्रोत्यांच्या स्मरणात विखुरलेला असतो.

लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण आहे. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी येथे जन्मलेले, मुंबईत कष्टकऱ्यांच्या वस्तीत राहिलेले आणि अक्षरओळख उशिरा झालेले वामनदादा १९४३ पासून गीते रचू लागले. एका हिंदी गीताच्या विडंबनापासून सुरू झालेला हा प्रवास पुढे सुमारे सहा दशके चालला. ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६), ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे संग्रह आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ (१९९६) हे आत्मकथन छापील स्वरूपात उपलब्ध झाले. तरीही त्यांना ओळखणाऱ्या समाजापैकी फार थोड्यांनी त्यांना प्रथम पुस्तकातून ओळखले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हापासून त्यांच्या गीतांचे जे काही चालले आहे, ते ‘आठवणी’ या सौम्य शब्दाने सांगता येण्यासारखे नाही. श्रोत्यांचे स्मरण ही या गीतांच्या संहितानिर्मितीची उत्तरावस्था आहे. ती तशी समजून घेतली, तरच तिचे मोल आणि तिच्यातील धोकेही दिसू शकतात.

२

या स्मरणाचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. छापील कवितेचा रसिक कवीची आठवण काढताना ओळी सांगतो आणि त्यांचा अर्थ सांगतो. वामनदादांचा श्रोता गीताआधी प्रसंग सांगतो: गाणे कोणत्या गावी ऐकले, निमित्त जयंतीचे होते की लग्नाचे, ढोलकीवर कोण होते, चाल कोणती होती. त्यानंतर तो गाणे म्हणतो, किंवा म्हणणाऱ्याला पुढे करतो. अर्थाचे विवरण क्वचितच होते. यावरून या श्रोत्याला अर्थाची पर्वा नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याच्या दृष्टीने प्रसंग हाच अर्थाचा भाग असतो. १४ एप्रिलला गायिलेले गीत आणि ६ डिसेंबरला गायिलेले तेच गीत यांचा आशय एक नसतो. पहिल्या प्रसंगी ज्या शब्दांतून उत्सव व्यक्त होतो, दुसऱ्या प्रसंगी त्याच शब्दांतून १९५६ मधील वियोगाची जाणीव जागी होते. छापील पानावर हा भेद उमटत नाही; स्मरणात तो टिकून राहतो.

संबोधनाचा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. अण्णाभाऊ, वामनदादा ही नावे उच्चारताना नात्याचा शब्द नावापासून वेगळा काढता येत नाही. ‘चाहता’ हा शब्द कलावंत आणि रसिक यांच्यातील अंतर गृहीत धरतो. ‘दादा’ हा शब्द ते अंतर मान्य करीत नाही. त्यामुळे निधनानंतर बोलणारा श्रोता घरातील वडीलधाऱ्याविषयी बोलावे तसा बोलतो, आणि त्या बोलण्यात वाङ्मयीन मूल्यमापनाला संकोच होतो. हा संकोच समजण्यासारखा असला, तरी त्याची किंमत मोजावी लागते. वामनदादांच्या कोणत्या रचना घट्ट बांधणीच्या आहेत, कोणत्या प्रसंगापुरत्या आहेत, हे स्मरणसभेत कुणी सांगत नाही. मात्र कोणते गाणे पुन्हा म्हणावयाचे आणि कोणते नाही, हा निर्णय तेथे प्रत्येक वेळी होतच असतो. उच्चारला न गेलेला हा निर्णय म्हणजेच त्या समाजाची समीक्षा होय.

३

या स्मरणाला आधार देणारी एक योजना खुद्द रचनेतच आहे. ती म्हणजे नाममुद्रा. गीताच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफण्याची वामनदादांची रीत संतकवितेतून आणि शाहिरी परंपरेतून आलेली आहे. ‘हे गीत वामनाचे’ या संग्रहाच्या शीर्षकातही तीच मुद्रा उमटली आहे. नाममुद्रेचे कार्य केवळ मालकी नोंदविण्याचे नसते. कवी स्वतःविषयी तृतीय पुरुषात बोलतो, तेव्हा तो आपल्या रचनेत दुसऱ्या गायकासाठी जागा करून ठेवतो. हयातीत वामनदादा ‘वामन’ असे म्हणत, त्यावेळी गाणारा आणि उल्लेखिलेला एकच असे. त्यांच्या पश्चात दुसरा गायक तेच नाव उच्चारतो, आणि व्याकरणात काहीही न बदलता ती ओळ स्मरणाची ओळ बनते. निरोपाची वेगळी कविता रचण्याची गरज त्यामुळे उरत नाही. गाणे पूर्ण म्हटले की कवीचे नाव येते आणि कवीचे स्मरण घडते.

परंतु हीच योजना संहितेपुढे एक कठीण प्रश्न उभा करते. नाममुद्रा कुणालाही वापरता येते. मराठीला हा प्रश्न नवा नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा आणि इतर ‘नामे’ मिसळले गेल्याने कोणता अभंग कुणाचा, हा वाद संशोधकांना दीर्घकाळ पुरला. ख्रिश्चन नोवेट्झके यांनी नामदेवपरंपरेवरील २००८ च्या ग्रंथात या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. नामदेवांचे नाव धारण करून पुढील शतकांत रचणारे आणि गाणारे लोक हे सार्वजनिक स्मृतीचे वाहक आहेत, असे त्यांनी दाखविले; कीर्तनकारांची बाडे त्यांनी याच दृष्टीने वाचली. आंबेडकरी गायकांच्या गाण्यांच्या वह्या ही त्या बाडांची आधुनिक भावंडे आहेत. त्यांत एका कवीचे गीत दुसऱ्याच्या शेजारी येते, कडव्यांचा क्रम बदलतो, नव्या प्रसंगासाठी एखादे कडवे वाढते, आणि गायनात अडचणीचा ठरणारा शब्द सोपा होतो.

येथे एक फरक मात्र नजरेआड करता येणार नाही. आल्बर्ट लॉर्ड यांनी ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) मध्ये दक्षिण स्लाव गायकांच्या आधारे मौखिक रचनेचे जे प्रतिमान मांडले, त्यात प्रत्येक सादरीकरण ही स्वतंत्र निर्मिती असते आणि ‘मूळ पाठ’ ही कल्पनाच गैरलागू ठरते. वामनदादांना हे प्रतिमान जसेच्या तसे लावता येत नाही. ते साक्षर झालेले, आपली गीते लिहिणारे आणि संग्रह प्रसिद्ध करणारे कवी होते. त्यांच्या गीतात शब्दाची निवड एका व्यक्तीने विचारपूर्वक केलेली असते. म्हणून गायकाच्या वहीतील पाठभेद आणि कवीने छापलेला पाठ यांचे प्रामाण्य सारखे मानता येणार नाही. लेखन आणि मौखिकता यांच्या मधल्या या अवस्थेसाठी मराठी समीक्षेला स्वतःची परिभाषा घडवावी लागेल.

४

स्मरण जपते, तसे गाळतेही. वामनदादांच्या निर्मितीचा पैस मोठा होता. श्रम, भूक, जमीन, स्त्रीजीवन, प्रेम, लोकगीतांचे ढंग हे सारे त्यांच्या रचनेत आले. चित्रपटांसाठीही त्यांनी गीते दिली. निधनानंतर उचलून धरली गेली ती मुख्यतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीची गीते. याची कारणे स्पष्ट आहेत. स्मरणाला प्रसंग लागतो, आणि या समाजाच्या सार्वजनिक दिनदर्शिकेतील मोठे प्रसंग बाबासाहेबांशी निगडित आहेत. जयंतीला भीमगीताची जागा ठरलेली असते; धान्याच्या वाटपावर किंवा मजुरीवर प्रश्न विचारणाऱ्या गीताला तशी ठरलेली तारीख नसते. त्यात ध्वनिमुद्रणाच्या तंत्राची भर पडली. १९८० नंतर कॅसेटच्या प्रसाराने स्थानिक गायकांना मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला, ही प्रक्रिया पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) मध्ये उत्तर भारताच्या संदर्भात तपशिलाने दाखविली आहे. महाराष्ट्रातही कॅसेटमुळे भीमगीत घराघरांत पोहोचले. त्याचबरोबर, ज्या गाण्याला खप आहे तेच पुन्हा पुन्हा मुद्रित होण्याची प्रवृत्तीही बळावली.

या निवडीत केवळ विस्तार गमावला जातो असे नाही. तिच्यात विचाराचाही प्रश्न गुंतलेला आहे. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती आणि विभूतिपूजा यांचा मार्ग अधःपतनाकडे जातो, असा इशारा दिला होता. कृतज्ञता आणि भक्ती यांच्या सीमारेषेवर उभे असलेले भीमगीत या इशाऱ्याच्या कसोटीवर सतत तपासले जाते. वामनदादांच्या समग्र निर्मितीत या कसोटीला उत्तर आहे. त्यांच्या गीतात नेत्याच्या गौरवाशेजारी अनुयायांना विचारलेला जाब असतो. मिळालेल्या हक्कांचे तुम्ही काय केले, हा प्रश्न असतो. स्मरणाने गौरव ठेवला आणि जाब सोडला, तर कवीचा अर्धा आवाजच पुढे जाईल. शिवाय, त्याच रीतीने खुद्द वामनदादांचीही विभूती होण्याची शक्यता आहे. मूर्ती झालेल्या कवीचे गाणे कुणी तपासून पाहत नाही.

स्मरण याहून वेगळ्या रीतीनेही घडू शकते, याचे उदाहरण याच परंपरेत आहे. मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये घोगरे यांचे गाणे चित्रित केले होते. ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा चित्रपट त्यांच्या मृत्यूपासून सुरू होतो. डाव्या चळवळीत गायिलेल्या या शाहिराने अखेरच्या क्षणी डोक्याला निळे कापड बांधले होते. तो कोणाचा शाहीर, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो. चित्रपट त्याचे सोपे उत्तर देत नाही. तो वस्त्यावस्त्यांतील इतर गायकांकडे जातो, आणि एका शाहिराचे स्मरण एका संपूर्ण गायनपरंपरेच्या चौकशीत रूपांतरित होते. अण्णाभाऊ साठे यांच्या बाबतीत (मृत्यू १८ जुलै १९६९) ‘फकिरा’सारखी छापील कादंबरी स्मरणाला सतत दुरुस्त करू शकते. घोगरे यांच्यासारख्या शाहिरापाशी तसा आधार नसतो. त्याच्या मरणोत्तर अस्तित्वाची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे स्मरण करणाऱ्यांवर येते.

५

श्रोत्यांचे स्मरण भावनाप्रधान आणि अविश्वसनीय असते, म्हणून समीक्षेने त्यापासून दूर राहावे, असा आक्षेप घेतला जाईल. त्यातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. आठवण चुकते, तारखा सरकतात, एका गायकाचे श्रेय दुसऱ्याला जाते. परंतु मराठी परंपरेनेच या आक्षेपाचे उत्तर एका कथेतून देऊन ठेवले आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविली गेली आणि ती तरली, या आख्यायिकेचा इहवादी अन्वयार्थ असा लावला जातो की अभंग लोकांच्या मुखी होते, म्हणून ते नाहीसे होऊ शकले नाहीत. या अन्वयार्थाला मान डोलावणारा अभ्यासक समकालीन श्रोत्यांच्या मुखातील गीतांना मात्र ‘समाजशास्त्रीय सामग्री’ म्हणून बाजूला ठेवत असेल, तर त्याची भूमिका सुसंगत म्हणता येणार नाही.

यातून समीक्षेपुढे एक निश्चित काम उभे राहते. वामनदादांच्या गीतांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध व्हावयाची, तर संग्रहातील पाठासोबत गायकांच्या वह्या, ध्वनिमुद्रणे, चालींचे उल्लेख आणि श्रोत्यांच्या साक्षी एकत्र आणाव्या लागतील. कोणता पाठ कवीचा, कोणता गायकाचा, कोणते कडवे कोणत्या प्रसंगी आले, हे शक्य तेथे नोंदवावे लागेल. पाठभेद पुसून टाकणारी आवृत्ती कवीला ग्रंथालयात सुरक्षित ठेवील, पण ज्या समाजाने त्याला जिवंत ठेवले त्याचे काम मात्र ती अदृश्य करील. उलट, जे जे गायिले गेले ते सारे वामनदादांचेच, असे मानणारी आवृत्ती ज्या कवीने शब्द निवडून घेतला त्याच्यावर अन्याय करील.

१५ ऑगस्ट २०२२ रोजी वामनदादांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेल्या पिढीचे वय आता उतरणीला लागले आहे, आणि या साक्षी मिळविण्याचा अवधी त्या वयाने मर्यादित केला आहे. श्रोत्यांनी आपल्या पद्धतीने संपादन केले आहे: त्यांनी निवडले, गाळले, बदलले, आणि प्रत्येक गीताच्या शेवटी कवीचे नाव न विसरता उच्चारले. त्या संपादनाची तपासणी करणे, आणि त्यात सुटलेली गीते पुन्हा त्यांच्यापुढे ठेवणे, हे काम समीक्षेचे आहे.